एका बोल्टच्या दोन एज: सॉफ्टवेअर राइझिंग एज चुकीच्या मोजत असेल तर सुरुवात कुठून करावी

मी कोल्हापुरात पंपांच्या टेस्ट बेंचवर मोजमापाचं काम करतो. मोटरचा वेग मोजण्याची आमची पद्धत साधी आहे. कपलिंगच्या, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या, चार बोल्टांसमोर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेला धातू ओळखणारा) बसवायचा. बोल्टचं डोकं समोर आलं की सेन्सरचं आउटपुट वर जातं, पुढे सरकलं की खाली येतं. २४ व्होल्टचा हा सिग्नल दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून ८ व्होल्टवर आणून डेटा लॉगरला द्यायचा. लॉगर सेकंदाला १०,००० सॅम्पल, म्हणजे सिग्नलच्या सुट्या नोंदी, घेतो. मग पायथनचा एक छोटा प्रोग्राम त्या फाइलमधल्या राइझिंग एज, म्हणजे सिग्नल खालून वर जातो ते क्षण, शोधतो आणि त्यावरून आरपीएम काढतो.

हा प्रोग्राम लिहायला दहा मिनिटं लागतात. तो चुकायला लागला की मात्र दोन-दोन दिवस जातात, कारण बहुतेक जण शोधाला चुकीच्या टोकाकडून लागतात. कोणी सेन्सर बदलतो, कोणी नवी शील्डेड केबल ओढतो, कोणी फिल्टरवर फिल्टर चढवतो. हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की माझा क्रम आता ठरून गेलाय: फुकटात बघता येतं ते आधी, मग सेटिंग, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी पॅनल. उदाहरण वेगाचं घेतलंय, पण फ्लो मीटरचे पल्स असोत, एन्कोडर असो की वीज मीटरच्या एलईडीची उघडझाप, तपासण्या याच.

खाली सगळीकडे एकच मशीन धरतो. २ पोल मोटर, भारावर २८८० आरपीएम. म्हणजे सेकंदाला ४८ फेरे, १९२ पल्स, आणि एका एजपासून दुसऱ्या एजपर्यंत ५.२ मिलिसेकंद, साधारण ५२ सॅम्पल. तुमच्या मशीनचे असे चार आकडे आधी कागदावर काढा. किती यायला हवं ते माहीत नसेल तर चुकलं किती ते कळणार नाही.

लक्षणं

आकडा बरोबर दुप्पट येतो, २८८० ऐवजी ५७६०. किंवा बरोबर पाऊणपट, २१६०. या दोन्हींत चूक नियमित आहे, आणि नियमित चूक लवकर सापडते.

वेग बहुतेक वेळ बरोबर असतो, पण मध्येच ३५०० ची, कधी ३०,००० ची उसळी येते.

आकडा २८६५, २८८०, २८९५ असा १५-१५ च्या पायऱ्यांनी उड्या मारतो.

मोटर बंद आहे, शाफ्ट स्थिर आहे, तरी वेग दिसतो. किंवा शेजारचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं विद्युत उपकरण) चालू झाला की आपला आकडा बिघडतो.

फाइलच्या अगदी सुरुवातीला एक जास्तीची एज येते, किंवा लांब रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून एखादी हरवते.

आरपीएमच्या जागी 'इन्फिनिटी' छापलं जातं.

आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण: आकडा स्थिर आहे, आलेख स्वच्छ आहे, आणि वेग खोटा आहे.

चूक पकडायला एक कुंपण मोटर स्वतःच देते. ५० हर्ट्झच्या लाइनवर थेट चालणारी २ पोलची इंडक्शन मोटर पंप फिरवताना ३००० च्या वर जात नाही, ४ पोलची १५०० च्या वर जात नाही. स्लिपमुळे, म्हणजे रोटर चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागे पडत असल्यामुळे, त्या नेहमी थोड्या खालीच राहतात. २ पोल मोटरसमोर ३०१० दिसलं तर चूक मोजण्यात आहे, मोटरमध्ये नाही.

१. कच्चा सिग्नल डोळ्यांनी बघा

फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तरीही बहुतेक जण हेच करत नाहीत. पूर्ण फाइलचा आलेख काढू नका. दहा सेकंदांचे १९२० पल्स पडद्यावर नुसता रंगवलेला पट्टा दिसतात. आधी २० मिलिसेकंदांचा तुकडा काढा, त्यात साधारण चार पल्स दिसले पाहिजेत. मग एकाच एजवर येऊन १ मिलिसेकंद बघा, आणि रेषेऐवजी सॅम्पलचे ठिपके दाखवा. रेषा दोन ठिपक्यांमधली जागा परस्पर भरून टाकते आणि तिथे काही मोजलंच नव्हतं हे झाकून जातं.

प्रोग्रामला जिथे एज सापडली तिथे त्याच आलेखावर खूण करा. खूण खऱ्या एजवर आहे, शेजारी आहे की पल्सच्या उतरत्या बाजूवर आहे, हे बघितल्यावर निम्मं निदान तिथेच होतं.

२. दोन एजमधली अंतरं काढा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. सापडलेल्या एजच्या वेळा घ्या, प्रत्येक वेळेतून आधीची वजा करा आणि ती अंतरं ठिपक्यांनी आलेखावर मांडा. एकूण मोजणीत एक जास्तीची आणि एक हुकलेली एज एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज बरोबर दिसते. अंतरांच्या आलेखात दोघीही उघड्या पडतात.

सगळे ठिपके ५.२ च्या पट्ट्यात असतील तर एज बरोबर सापडताहेत. आकडा तरी चुकत असेल तर हिशोब बघा. एका फेऱ्यात चार पल्स धरलेत की एकच?

५.२ चा पट्टा नाहीसा झाला आणि त्याजागी १.३ आणि ३.९ असे दोन पट्टे आळीपाळीने आले, तर चढती आणि उतरती दोन्ही एज मोजल्या जाताहेत. बोल्टचं डोकं सेन्सरसमोर एक चतुर्थांश वेळ असेल तर असेच आकडे येतात, आणि दोघांची बेरीज ५.२ होते ही त्याची पक्की खूण. हा प्रोग्राममधला दोष, वायरला हात लावायची गरज नाही.

तळाशी ०.१ ते ०.३ मिलिसेकंदांचे ठिपके विखुरलेले दिसले तर एका एजवर सिग्नल थ्रेशोल्डच्या, म्हणजे 'वर' की 'खाली' हे ठरवणाऱ्या रेषेच्या, भोवती थरथरतोय आणि प्रत्येक थरथर मोजली जातेय. यात एक गोष्ट नजरेतून सुटते: खोटी राइझिंग एज पल्स उतरतानाही तयार होते. खाली येता येता नॉइजमुळे (सिग्नलमध्ये मिसळलेल्या विजेच्या गोंगाटामुळे) सिग्नल क्षणभर वर उसळला की प्रोग्रामच्या दृष्टीने ती चढणच. तेव्हा १.३ आणि ३.९ ची जोडी अधूनमधूनच दिसली तर कारण नॉइज, आणि कायम दिसली तर कारण प्रोग्राम.

१०.४ चे ठिपके म्हणजे हुकलेली एज. ५.२, ५.२, १०.४ अशी मालिका न चुकता फिरत असेल तर चारपैकी एकच बोल्ट सेन्सरला दिसत नाही, आणि पाऊणपट वेगाचं कोडं तिथेच सुटतं. दर फेऱ्याला परत येतं ते यांत्रिक, कसंही येतं ते विजेचं. या एका फरकाने माझे किती दिवस वाचलेत ते सांगता येणार नाही.

५.१, ५.३, ५.२, ५.२ असा चाराचा नमुना फिरताना दिसला तर घाबरू नका. बोल्टांची भोकं अगदी समान अंतरावर नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. वेग काढताना नेहमी पूर्ण फेऱ्याची, म्हणजे चार अंतरांची बेरीज घ्या, हा फरक निघून जातो.

३. फाइल तपासा

'इन्फिनिटी' दिसलं की मी आधी वेळेचा रकाना उघडतो. कोणीतरी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली असते. एक्सेल सेव्ह करताना पडद्यावर दिसतात तेवढेच अंक सीएसव्हीत लिहितं. वेळ तीन दशांशांपर्यंत दिसत असेल तर एका मिलिसेकंदातल्या दहाही सॅम्पलना एकच वेळ मिळते, दोन जवळच्या एजमधलं अंतर शून्य होतं आणि भागाकार फुटतो. मूळ फाइल कायम वेगळी ठेवा, आणि वेळ रकान्यातून न वाचता सॅम्पलचा क्रमांक भागिले सॅम्पलिंगचा दर अशी काढा.

पण त्याआधी मधल्या ओळी गळलेल्या नाहीत ना, ते बघा. मूळ फाइलमधल्या वेळेच्या लागोपाठच्या फरकांत सगळीकडे ०.१ मिलिसेकंद यायला हवं. कुठे २ मिलिसेकंद आलं तर लॉगरने तिथे डेटा टाकून दिलाय. क्रमांकावरून काढलेली वेळ तिथून पुढे खोटी ठरते, आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्याही युक्तीने ती जागा भरून निघत नाही.

ऑसिलोस्कोपवरून फाइल घेत असाल तर पडद्यावरची वेव्हफॉर्म सेव्ह केलीत की पूर्ण मेमरी, तेही बघा. पडद्याच्या फाइलमध्ये ठिपके फार कमी असतात.

४. प्रोग्राममधले चार नेहमीचे दोष

दुप्पट आकड्याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या डिफमध्ये, म्हणजे शेजारच्या मूल्यांची वजाबाकी करणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे. सिग्नल थ्रेशोल्डपेक्षा मोठा आहे का असं विचारलं की खरं-खोटं प्रकारची मालिका मिळते. तिच्यावर थेट डिफ चालवलं तर नमपाय वजाबाकी करत नाही. शेजारची दोन मूल्यं वेगळी आहेत का, एवढंच सांगतं. चढताना उत्तर 'खरं', उतरतानाही 'खरं'. ही मालिका आठ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकात बदलली तरी सुटका नाही, कारण तिथे ० वजा १ म्हणजे २५५ होतं, आणि २५५ शून्यापेक्षा मोठं असल्यामुळे उतरती एजही चढती म्हणून मोजली जाते. साइन्ड पूर्णांकात बदला आणि फक्त अधिक १ च्या जागा घ्या. किंवा सरळ लिहा: आधीचं सॅम्पल थ्रेशोल्डच्या खाली, आणि आत्ताचं थ्रेशोल्डएवढं किंवा वर. 'एवढं किंवा' हे शब्द गाळू नका. दोन्ही बाजूंना नुसतं लहान-मोठं लिहिलं आणि एखादं सॅम्पल नेमकं थ्रेशोल्डवर पडलं, तर ती एज हरवते.

दुसरा दोष सुरुवातीचा. प्रोग्राम आधीची अवस्था 'खाली' धरून सुरू होतो, आणि रेकॉर्डिंग सुरू होताना बोल्ट नेमका सेन्सरसमोर असतो. झाली एक खोटी एज. सुरुवातीची अवस्था 'माहीत नाही' अशी ठेवा. सिग्नल एकदा स्पष्ट खाली दिसल्यावरच मोजायला लागा.

तिसरा दोष सांध्यांचा. लांब फाइल तुकड्यातुकड्याने वाचताना मागच्या तुकड्याचं शेवटचं सॅम्पल पुढे नेलं नाही, तर सांध्यावर पडलेली एज दोन्ही तुकड्यांत दिसत नाही. आपल्या उदाहरणात दोन एजमध्ये ५२ सॅम्पल आहेत, म्हणजे साधारण बावन्न सांध्यांत एकदा असं होणार. इतक्या क्वचित होणाऱ्या चुकीला लोक नॉइज समजतात आणि केबल बदलत बसतात. शेवटचं सॅम्पल आणि 'वर की खाली' ही अवस्था, दोन्ही पुढच्या तुकड्याला द्या.

चौथा हिशोबाचा: १०० एजमध्ये अंतरं ९९ असतात.

हे सगळं तपासायचा स्वस्त मार्ग म्हणजे स्वतः बनवलेला सिग्नल. १००० पल्सची मालिका प्रोग्रामनेच तयार करा आणि उत्तर १००० येतं का बघा. मग तिच्यात थोडा थोडा नॉइज मिसळा, सुरुवात मुद्दाम वरच्या पातळीवरून करा, सात-सातशे सॅम्पलचे तुकडे पाडा. उत्तर हललं की दोष तुमच्या हातात आला. स्वच्छ मालिकेवर चुकणाऱ्या प्रोग्रामसाठी मशीनपाशी जायचं कारण नाही.

५. थ्रेशोल्ड कुठे ठेवलाय?

'सर्वांत मोठ्या मूल्याच्या निम्मं' ही सवय सोडा. एक स्पाइक, म्हणजे क्षणिक उसळी, १४ व्होल्टला गेला की थ्रेशोल्ड ७ वर चढतो, आणि ८ व्होल्टच्या पल्सचा जेमतेम माथा त्याला लागतो. ५ आणि ९५ टक्क्यांची पर्सेंटाइल (५ किंवा ९५ टक्के सॅम्पल ज्याच्या खाली असतात ते मूल्य) त्याहून बरी, पण पल्स अरुंद असेल आणि सिग्नल पाच टक्क्यांपेक्षा कमी वेळ वर राहत असेल, तर ९५ वी पर्सेंटाइलसुद्धा खालच्याच पातळीवर पडते.

मी सगळ्या सॅम्पलचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणतं मूल्य किती वेळा आलं त्याचा आलेख, काढतो. दोन ढीग दिसतात, एक ० जवळ, एक ८ जवळ. त्या ढिगांचे माथे म्हणजे खरी खालची आणि वरची पातळी. वेव्हफॉर्मच्या मोजमापासाठीच्या आयट्रिपलई १८१ या मानकातही पातळ्या ठरवण्याची ही पद्धत दिलेली आहे, आणि १०, ५०, ९० टक्क्यांच्या संदर्भरेषा त्या पातळ्यांवरूनच काढतात. दोन ढीग स्पष्ट दिसत नसतील, मध्ये सगळीकडे माती पसरावी तसं दिसत असेल, तर सिग्नलच खराब आहे. पुढच्या दोन तपासण्या सोडून आठवीवर जा.

इंजिनवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. क्रँकच्या ६० वजा २ दातांच्या चाकासमोर जुना चुंबक-कॉइलचा सेन्सर असेल तर त्याच्या सिग्नलची उंची वेगाबरोबर वाढते. तिथे एक ठरावीक थ्रेशोल्ड स्टार्टिंगच्या वेळी दात हुकवतो आणि वेगात नॉइजही मोजतो. थ्रेशोल्ड मागच्या काही दातांच्या उंचीवरून सतत बदलता ठेवावा लागतो, आणि गाळलेल्या दोन दातांची जागा हुकलेली एज समजायची नसते.

६. एक नव्हे, दोन थ्रेशोल्ड

एकाच रेषेवर एज ठरवली तर नॉइजला ती रेषा अनेकदा ओलांडायला काही लागत नाही. एज जितकी मंद आणि सॅम्पलिंग जितकं जलद, तितक्या खोट्या एज जास्त. एका ठिकाणी नॉइज मारण्यासाठी कोणीतरी सेन्सरच्या आउटपुटवर कपॅसिटर लावला होता. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद. लॉगरच्या बाजूने शिरणारा एक व्होल्टचा नॉइज तसाच होता, आणि आता सिग्नल मधल्या भागातून सावकाश चढत होता. मग त्यांनी अचूकता वाढावी म्हणून सॅम्पलिंग सेकंदाला एक लाखावर नेलं, आणि मोजणी आणखी बिघडली, कारण थ्रेशोल्डभोवतीच्या त्या थरथरत्या पट्ट्यात आता बरीच जास्त सॅम्पल पडत होती. सॅम्पलिंग वाढवल्यावर एज वाढल्या तर एवढं ओळखा की तुमचा थ्रेशोल्ड एकेरी आहे.

उपाय हिस्टेरिसिस. ० आणि ८ च्या पातळ्यांवर ३० आणि ७० टक्के धरले तर २.४ आणि ५.६ व्होल्ट. अवस्था 'खाली' असताना सिग्नल ५.६ ला पोचला तरच एज मोजा आणि अवस्था 'वर' करा. अवस्था 'वर' असताना सिग्नल २.४ च्या खाली आला तरच ती 'खाली' करा, आणि तेव्हा काही मोजू नका. मधल्या भागात काहीही झालं तरी अवस्था बदलायची नाही. दोन रेषांमधलं अंतर नॉइजच्या पूर्ण उंचीपेक्षा मोठं हवं, ही एकच अट. ही कल्पना ऑटो श्मिट या अमेरिकी संशोधकाची, १९३४ सालची. माकुल (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा अभ्यास करताना ती त्याला सुचली. ७४एचसी१४ सारख्या चिपमध्ये आजही तीच आहे. आपण ती चार ओळींत लिहितो.

एज झाली की नाही हे वरच्या रेषेवर ठरवा, पण तिची वेळ ५० टक्क्यांच्या रेषेवर घ्या. ५.६ ला पोचल्यावर मागे जाऊन ४ व्होल्ट शेवटचं कुठे ओलांडलं ते शोधायचं. तिथे चढ सहसा तीव्र असतो, आणि तीव्र चढावर नॉइजमुळे वेळ कमी सरकते.

७. मृतकाळ, पण जपून

चार बोल्टांचा वेग ३००० च्या वर जाणार नसेल तर दोन एज ५ मिलिसेकंदांपेक्षा फार जवळ येणार नाहीत. म्हणून एक एज मिळाल्यावर पुढचे २ मिलिसेकंद कान बंद ठेवता येतात. रीड स्विचसारखे यांत्रिक संपर्क बंद होताना काही मिलिसेकंद उडत राहतात, तिथे हे करावंच लागतं.

पण हा उपाय हिस्टेरिसिसनंतर. त्याआधी लावला तर रोग झाकला जातो: खऱ्या एजच्या आधी आलेला स्पाइक मोजला जातो, आणि खरी एज मृतकाळात मरते. मोजणी बरोबर, वेळा चुकीच्या. शिवाय सेन्सर हळूहळू खराब होत असेल तर तेही महिनोन्‌महिने कळत नाही. किती एज टाकून दिल्या तो आकडा प्रोग्रामने प्रत्येक वेळी छापलाच पाहिजे. तो कालपर्यंत ० असेल आणि आज ४० असेल, तर मशीनपाशी जायची वेळ झाली.

एकाच सॅम्पलचे सुटे स्पाइक असतील तर तीन सॅम्पलचा मीडियन फिल्टर (तिघांतलं मधलं मूल्य घेणारा) चांगला, तो एज मंद करत नाही. सरासरीचा फिल्टर एज मंद करतो आणि उशिरा आणतो. नुसत्या वेगाला उशिराने फरक पडत नाही, पण दोन चॅनेलमधला वेळेचा फरक काढत असाल तर दोघांना तोच फिल्टर लावा.

८. सॅम्पलिंग पुरतं का

स्वच्छ पण खोटा आकडा इथून येतो. चार बोल्टांऐवजी ६० दातांचं चाक लावलं की हिशोब सोपा होतो, हर्ट्झ म्हणजेच आरपीएम. पण २८८० आरपीएमला आता २८८० हर्ट्झ आहेत, आणि लॉगर सेकंदाला ५००० वर ठेवला असेल तर फाइलमध्ये ५००० वजा २८८०, म्हणजे २१२० हर्ट्झचा सिग्नल उमटतो. आलेखात खोट काढायला जागा नाही, आणि वेग २१२०.

तपासायला पैसे लागत नाहीत. मशीन त्याच वेगावर ठेवून सॅम्पलिंगचा दर बदला. आरपीएम बदलला तर आधीचा आकडा खोटा होता. अशी बिघडलेली फाइल नंतर कशानेही सुधारत नाही, रेकॉर्डिंग पुन्हाच करावं लागतं. पल्सचा वरचा भाग आणि खालचा भाग, दोन्हींत किमान पाच-सहा सॅम्पल पडतील एवढा दर मी ठेवतो.

१५-१५ च्या पायऱ्याही याच घरातल्या. एका सेकंदातल्या एज मोजल्या तर एक एज कमी-जास्त होतेच, आणि चार बोल्टांवर सेकंदाला एक एज म्हणजे १५ आरपीएम. एज मोजू नका. पहिल्या आणि शेवटच्या एजमधल्या वेळेने अंतरांच्या संख्येला भागा. एका सॅम्पलची चूक एका सेकंदावर पसरली की ०.०१ टक्का राहते. हीच चूक एकट्या ५.२ मिलिसेकंदांच्या अंतरावर जवळजवळ २ टक्के, म्हणजे ५५ आरपीएम होते. म्हणून प्रत्येक पल्सचा वेग काढून त्यातलं कमी-जास्त बघणाऱ्यांनी सॅम्पलिंग वाढवावं. दोन सॅम्पलमध्ये सरळ रेषा धरून वेळ काढता येते, पण एजच्या चढावर एखादं तरी सॅम्पल पडत असेल तरच. पूर्ण एज दोन सॅम्पलच्या मध्येच उरकत असेल तर त्या रेषेतून निघालेले दशांश काल्पनिक असतात.

९. आता उठून मशीनपाशी

आधी मोटर बंद करा, मेन स्विच कुलपात घाला आणि कपलिंगचं गार्ड काढा. सेन्सरला वीज चालू ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि पान्याचं टोक सेन्सरसमोर दहा वेळा आणा. दहा एज आल्या पाहिजेत. काही न हलवता एज येत असतील तर त्या वायरमधून येताहेत.

मग ऑसिलोस्कोप किंवा लॉगरच्या इनपुटचं कपलिंग, म्हणजे एसी-डीसीचं सेटिंग, बघा. एसीवर असेल तर डीसी करा. एसीवर हळू येणाऱ्या पल्सचा माथा ओघळतो आणि वेग बदलला की तळ वरखाली सरकतो, मग कुठलाच थ्रेशोल्ड टिकत नाही. प्रोब १० पटीवर आणि सेटिंग १ पटीवर असेल तर ८ व्होल्टचे ०.८ दिसतात. प्रोबचं कॉम्पेन्सेशन स्कोपवरच्याच १ किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलवर लावून घ्या.

वायरिंगमध्ये तपकिरी अधिक, निळी शून्य, काळी आउटपुट. पीएनपी सेन्सर आउटपुट वर ओढतो, खाली आणायचं काम लोडचं. लोड नसेल तर काळी वायर तरंगत राहते आणि पल्स नीट खाली बसत नाही. एनपीएन असेल तर उलटं, पुल-अप रेझिस्टर लागतो.

मग फटी. एम१२ आकाराच्या फ्लश सेन्सरचं अंतर सहसा २ मिलिमीटर असतं, आणि ते साध्या पोलादासमोर. पितळ किंवा ॲल्युमिनियमसमोर ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. एक बोल्ट दिसत नसेल तर चारही डोक्यांसमोरची फट फीलर गेजने मोजा. शाफ्ट हाताने फिरवा, मोटर चालू करून नव्हे.

शेवटी केबल. सिग्नलची वायर ड्राइव्ह-मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून जात असेल तर वेगळी काढा, निदान ३० सेंटिमीटर दूर, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात. शील्ड पॅनलच्या बाजूला एकाच टोकाला जोडा. तात्पुरती केबल जमिनीवरून वेगळ्या वाटेने टाकून आधी फरक पडतो का ते बघा, मगच नवी ओढा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ड्राइव्हचं झाकण उघडायची वेळ आली तर थांबा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर सुमारे ५९० व्होल्ट असतात आणि मेन बंद केल्यावरही ते काही मिनिटं टिकतात. तिथलं काम ड्राइव्हच्या तंत्रज्ञाचं आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबची मगरक्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती लाइनवर किंवा ड्राइव्हच्या आउटपुटवर लावली तर सरळ शॉर्ट होतो. स्कोपची अर्थपिन तोडून हा प्रश्न सोडवणारे मी पाहिलेत. असं अजिबात करू नका, स्कोपची पूर्ण बॉडी लाइव्ह होते. तिथे डिफरन्शियल प्रोब आणि तो वापरता येणारा माणूस हवा.

केबल वेगळी केली, शील्ड लावली, तरी ड्राइव्ह चालू होताच एज येतात, तर प्रश्न अर्थिंगचा किंवा ड्राइव्हच्या फिल्टरचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आणखी काही करू नका, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरला दाखवा.

तुमच्या आकड्यावर ओव्हरस्पीड ट्रिप (वेग फार वाढला तर मशीन बंद करणारी सुरक्षा) अवलंबून असेल तर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर तो एक दिवसही सोडू नका. ग्राहकाला द्यायच्या रिपोर्टमध्ये वेग लिहायचा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेल्या टॅकोमीटरशी तुलना करून घ्या.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी तीन गोष्टी काढून ठेवा: एक्सेलमध्ये न उघडलेली कच्ची फाइल, अंतरांचा आलेख, आणि शाफ्ट स्थिर असताना, शेजारचा ड्राइव्ह एकदा बंद आणि एकदा चालू ठेवून घेतलेली दोन रेकॉर्डिंग.